भोयरबाबूंची दवाखान्याची रजा

मला चष्मा भोयरबाबूंनी लावला. डॉक्टरांनी फक्त नंबर काढला. पन्नास वर्षं होत आली त्याला, पण चष्मा पुसताना दिवसातून एकदा तरी भोयरबाबू आठवतात. कधी मायेनं, आणि खरं सांगायचं तर कधी अजूनही थोडं चिडून.

सिव्हिल लाइन्समध्ये कालव्यांच्या कामाचं आमचं सरकारी ऑफिस होतं. मी तिथे बाविसाव्या वर्षी टायपिस्ट म्हणून लागले. भोयरबाबू आस्थापना शाखेत होते. म्हणजे पगारवाढी, बदल्या, सर्व्हिस बुकं आणि रजा. रजेच्या अर्जावर सही साहेबांची असायची, पण रजा द्यायचे भोयरबाबू. उंच, काटकुळे, पांढरा पायजमा, गळ्यापर्यंत बटणं लावलेला शर्ट आणि डोक्यावर काळी टोपी. मूळचे पारशिवनीकडचे, घरी थोडी शेती. तीस वर्षं नागपुरात नोकरी करूनही बोली जशीच्या तशी होती. आवाज असा, की ते कानात कुजबुजले तरी व्हरांड्यातल्या चहावाल्याला कळायचं.

मला टाइप करताना अक्षरं दिसत नव्हती. पण हे कुणाला सांगायची सोय नव्हती. घरी स्थळं बघणं चालू होतं, आणि आईनं सक्त ताकीद दिली होती की लग्न होईपर्यंत चष्म्याचं नाव काढायचं नाही. डोकं इतकं दुखायला लागलं की शेवटी मी गुपचूप दवाखान्यात जायचं ठरवलं आणि 'वैयक्तिक कारणास्तव अर्धा दिवस' असा अर्ज दिला. दहा मिनिटांत भोयरबाबू अर्ज घेऊन माझ्या टेबलाशी उभे.

"बाई, हे वैयक्तिक म्हणजे काय असते?"

"वैयक्तिक म्हणजे... वैयक्तिक."

"डोकं वैयक्तिक, पोट वैयक्तिक, गुडघाही वैयक्तिकच. यातलं कोणतं?"

सगळं ऑफिस कान टवकारून बसलेलं. मी दात ओठ खात म्हटलं, "डोळे."

"मंग तसं लिहा ना! लाज काहून वाटून राहिली? अन् सोबत कोण येऊन राहिलं?"

"कुणी नाही."

"मंग रजा नाही," असं म्हणून त्यांनी अर्ज माझ्यासमोर ठेवला. "दवाखान्यात एकटं गेलेलं माणूस अर्धंच ऐकते. बाकीचं अर्धं त्याचं भेव ऐकते."

हा त्यांचा कायदा होता. सरकारी नियमांच्या कुठल्याही पुस्तकात तो नव्हता, पण आमच्या ऑफिसात तो साहेबांच्या हुकमापेक्षा कडक चालायचा. दवाखान्यासाठी रजा हवी असेल तर सोबती दाखवा. घरचं कोणी असेल तर उत्तम, शेजारी चालेल, आणि कोणीच नसेल तर भोयरबाबू स्वतःची अर्धी रजा टाकून सोबत यायचे. त्यांची वर्षाची सगळी किरकोळ रजा दुसऱ्यांच्या दुखण्यांत खर्च व्हायची. स्वतः आजारी पडायला त्यांच्याकडे रजाच उरायची नाही, आणि ते पडतही नसत.

माझ्यासोबत तेच आले. हातात कापडी पिशवी. तिच्यात बसायला जुना पेपर, पाण्याची बाटली, चार लिंबं आणि एक फाइल. फाइल बघून मी हबकलेच. वर माझं नाव, आत टॅग, पानांना क्रमांक, आणि पहिल्या पानावर त्यांच्या सुबक अक्षरात टिपणी: 'सदर कर्मचारी कागद नाकाशी धरून वाचते. मागील महिन्यात टंकलेखनात चुका वाढल्या. दुपारनंतर डोके धरून बसते. तपासणी होऊन पुढील आदेशार्थ सादर.'

मी म्हटलं, "भोयरबाबू, हे काय? डॉक्टर हसतील!"

"हसू दे ना. पण वाचतील. तोंडानं सांगतलेलं हवेत जाते वं पोरी. कागद कुठी जात नाही."

आणि खरंच, मोठ्या सरकारी दवाखान्यातले ते डॉक्टर हसले, वाचलं, आणि टिपणीखालीच माझा नंबर लिहून सही केली. दवाखान्यात सगळेच त्यांना ओळखत. कुठला विभाग कुठल्या वारी, कुठली खिडकी आधी उघडते, हे त्यांना पाठ होतं. बाहेर आल्यावर त्यांनी मला समोरच्या टपरीवर तर्री-पोहे खायला घातले. त्यांच्या लेखी ते उपचारातच मोडायचं. त्या महिन्यात जे स्थळ मला बघायला आलं त्याच्या नाकावर माझ्यापेक्षा जाड काचा होत्या. आईनं कपाळावर हात मारला आणि लग्न ठरलं.

अशा फाइली सगळ्यांच्या होत्या. भोयरबाबूंच्या टेबलामागे हिरवं लोखंडी कपाट होतं. वरच्या दोन कप्प्यांत सर्व्हिस बुकं, आणि खालच्यात आमची दुखणी. कुणाचा दमा, कुणाची मूळव्याध, कुणाच्या बायकोचं बाळंतपण, सगळं टॅगमध्ये ओवून, क्रमांक घालून. किल्ली पायजम्याच्या नाडीला बांधलेली असायची. या कपाटातलं एक अक्षर कधी बाहेर फुटलं नाही. आवाज एवढा मोठा, पण तिथे मात्र तोंडाला कुलूप.

त्यांच्या या कायद्याचा फटका बसला तो मधू देशकरला. मधू आमच्याकडे क्लार्क होता. हसरा, गोरागोमटा आणि एक नंबरचा लबाड. गावात क्रिकेटची मोठी मॅच होती, त्याच्याकडे तिकीट होतं. 'पोटात असह्य वेदना' म्हणून अर्ज देऊन, पोट धरून तो भोयरबाबूंसमोर उभा राहिला. वाटलं असेल, म्हातारा फसतो.

"अरे बावा! किती वाजतापासून?" भोयरबाबू खरोखर घाबरले. "चाल गा, मीच येतो."

"नको बाबू, मी जाईन रिक्षानं..."

"एकटा? पागल झाला का तू?"

मधूला सायकलच्या कॅरिअरवर बसवून घेऊन गेले. तिथे मधूनं नाटक आवरतं घ्यावं की नाही? पण भोयरबाबूंची टिपणी इतकी कळकळीची होती की डॉक्टरांनी त्याला आडवं पाडलं, पोट दाबलं, आणि एरंडेल देऊन संध्याकाळपर्यंत नजरेखाली ठेवलं. मॅच तिकडे रंगली आणि मधू इकडे पळापळ करत राहिला. भोयरबाबू दिवसभर त्याच्या उशाशी बसून लिंबूपाणी पाजत होते. दुसऱ्या दिवशी मधू पिवळा पडलेला चेहरा घेऊन आला आणि मला म्हणाला, "कुमुद, मी खोटं बोललो हे त्या माणसाला अजून माहीत नाही. माझे पाय चेपून राहिला होता तो. मले रडू आलं बावा." त्यानंतर मधूनं मॅचसाठी सरळ 'मॅच' असं लिहून रजा मागितली आणि भोयरबाबूंनी ती दिलीही.

आमचे साहेब पुण्याकडचे. जोगळेकर नाव. शिस्तीचे, कमी बोलणारे, आणि भोयरबाबूंच्या फाइलींवर त्यांचा राग. "हे ऑफिस आहे की इस्पितळ?" असं एकदा सगळ्यांसमोर म्हणाले होते. त्याच साहेबांची एका सकाळी दाढ सुजली. गाल असा फुगला की चष्मा तिरका बसला. तीन दिवस ते केबिनचं दार लावून फाइली बघत होते. चौथ्या दिवशी भोयरबाबू आत गेले आणि बाहेर आले ते साहेबांना घेऊनच. आत काय बोलणं झालं कुणाला कळलं नाही. पण दाढ काढताना साहेबांनी भोयरबाबूंचा हात इतका घट्ट धरला होता की आठवडाभर त्यांच्या मनगटावर निळे डाग होते. मी विचारलं तर म्हणाले, "खाटेचं लागलं." कपाटात साहेबांचीही फाइल झाली. साहेब पुन्हा कधी इस्पितळाबद्दल बोलले नाहीत.

हे वेड त्यांच्यात कुठून आलं ते मी एकदाच विचारलं. त्यांचा थोरला भाऊ पारशिवनीहून एकटाच मोठ्या दवाखान्यात आला होता. परत गेला तो खुशीत. डॉक्टर म्हणाले काही काळजी नाही, असं सगळ्यांना सांगितलं. डॉक्टर तसं म्हणाले होते खरं, पण पंधरा दिवसांनी परत या, नाही आलात तर मात्र काळजी आहे, असंही म्हणाले होते. ते त्याच्या कानात शिरलंच नाही. चार महिन्यांत तो गेला. "मी तवा इथीच होतो, नागपुरात," भोयरबाबू म्हणाले. "पोस्टकार्ड टाकलं असतं तरी मी आलो असतो." एवढं सांगून ते उठले आणि कपाट उघडून विनाकारण फाइली सारख्या करत बसले. मला इतकं वाईट वाटलं की तो विषय मी पुन्हा काढला नाही.

आता मुख्य गोष्ट सांगते. भोयरबाबूंच्या निवृत्तीला अजून सव्वा वर्ष होतं. एप्रिल महिना, नागपूरचं ऊन, खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या लागलेल्या. एके दिवशी त्यांनी मला बोलावलं आणि रजेचं रजिस्टर माझ्यापुढे केलं.

"हे शिकून घे वं. पुढं तूच पाहजो."

"एवढी काय घाई आहे बाबू? अजून वर्ष आहे."

"शिकायले काय मुहूर्त लागते का?"

मी शिकू लागले. पण मला चैन पडेना. कधी नव्हे ते ते हळू आवाजात बोलत होते. मधूला दोनदा रागावता रागावता थांबले. आणि पांढरा दुपट्टा सतत गळ्याभोवती. आता नागपुरात उन्हाळ्यात कोण दुपट्टा बांधत नाही? पण आपण तो बाहेर बांधतो आणि आत आलो की सोडतो. भोयरबाबू ताटीच्या गारव्यात, जेवतानासुद्धा तो सोडत नव्हते.

एका दुपारी त्यांनी मला चक्क कपाटाची किल्ली दिली. एका शिपायाची फाइल काढायची होती. मी खालचा कप्पा उघडला, फाइल ओढली तर मागे ती कापडी पिशवी कोंबलेली, आणि तिच्यातून पेपरबरोबर एक केसपेपर खाली पडला. चार घड्या घातलेला, कोपरे झिजलेले. टॅग नाही, क्रमांक नाही. मी उलगडला. नाव गणपत भोयर. वय छप्पन्न. मानेवर गाठ. तुकडा तपासणीसाठी घेतला आहे. आठ दिवसांनी येणे.

तारीख दीड महिन्यापूर्वीची होती.

त्या काळी गाठ म्हटलं की माणसं आवाज खाली करायची. मी केसपेपर तसाच हातात घेऊन त्यांच्या टेबलाशी गेले.

"बाबू, हे काय आहे?"

त्यांनी बघितलं, इकडे तिकडे पाहिलं. "काही नाही. वैयक्तिक आहे."

"कोणतं वैयक्तिक?" मी म्हटलं. मला रडू येत होतं आणि रागही. "सोबत कोण होतं? माईंना माहीत आहे?"

माई म्हणजे त्यांची बायको. त्यांनी मान हलवली. नाही.

"अन् रिपोर्ट?"

त्यांनी दुपट्टा जरा वर ओढला. मग अगदी हळू, चहावाल्याला नव्हे, मलाही जेमतेम ऐकू येईल असं म्हणाले, "तीनदा गेलो वं. लाइनीत उभा राहिलो. खिडकीपाशी माहा नंबर आला का मागच्याले म्हणतो, तुम्ही घ्या पहिले. त्याच्या मागच्यालेही तेच म्हणतो. एक वाजते अन् खिडकी बंद होते. मंग मी घरी जातो."

हजार जणांना हात धरून त्या खिडकीशी नेलेला माणूस! स्वतःसाठी तिथे हात पुढे होईना. मी सरळ जाऊन टाइपरायटरवर कागद चढवला, नवीन फाइल घेतली, टॅग ओवला. वर नाव टाकलं: ग. म. भोयर. आत टिपणी टाइप केली: 'सदर कर्मचारी गळ्यात दुपट्टा बांधून बसतो. आवाज उतरला आहे. तीन वेळा रिपोर्ट न घेता परत आला. त्याच्यावाचून या ऑफिसचे चालणार नाही. पुढील आदेशार्थ सादर.' केसपेपर पान क्रमांक एक. आणि फाइल घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये गेले, कारण दुसऱ्या दिवशी मला अर्धा दिवस सोबतीची रजा हवी होती.

साहेबांनी फाइल वाचली. चष्मा काढला. विचारलं, "कोण कोण जाणार?"

"मी आणि मधू, सर."

"जीप काढायला सांगा," साहेब म्हणाले. "मी येतोय."

दुसऱ्या दिवशी त्या जीपमध्ये आम्ही चौघं आणि ड्रायव्हर. भोयरबाबू वाटभर आमच्यावर चिडत होते. "ऑफिस कोण पाहून राहिलं? साहेब, तुम्हीतरी समजा ना!" साहेब समोर बघत बसले होते. लाइनीत मधू त्यांच्या बरोबर मागे उभा राहिला. खिडकी जवळ आली तसे भोयरबाबू वळले आणि म्हणाले, "मधू गा, तू घे पहिले."

"मले काय बी झालं नाही बाबू," मधू म्हणाला आणि त्यांच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवून उभा राहिला. तसंच ढकलत त्यांना खिडकीशी नेलं.

रिपोर्टचा लिफाफा हातात पडला. इंग्रजीत टाइप केलेला अर्धा कागद. आमच्यापैकी कुणालाही त्यातलं काही कळलं नाही, साहेबांनाही नाही. तिथून डॉक्टरांच्या दारापर्यंतचा व्हरांडा मला आजही आठवतो. पन्नास पावलं असतील. भोयरबाबूंची टोपी घामानं ओली झाली होती आणि ते माझा दंड धरून चालत होते.

डॉक्टर ओळखीचेच, मला चष्म्याचा नंबर देणाऱ्यांच्या पलीकडच्या खोलीतले. गाठीचा तुकडा घेतला होता तो दुसऱ्याच डॉक्टरनं, त्यामुळे यांना काहीच माहीत नव्हतं. भोयरबाबूंना बघून हसून म्हणाले, "या! आज कुणाला आणलं?"

"आज मलेच आणलं यायनं," भोयरबाबू म्हणाले.

डॉक्टरांचं हसू मावळलं. त्यांनी फाइल घेतली, टिपणी वाचली, लिफाफा उघडला. मग त्यांनी कागद टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "चरबीची गाठ आहे. कॅन्सर वगैरे काही नाही. त्रास होत असेल तर काढू, नाहीतर राहू द्या. अहो, दीड महिना कुठे होतात तुम्ही?"

मधूनं हुर्रे केलं. बाहेरच्या नर्सनं आत डोकावून त्याला दटावलं. साहेबांनी खिशातून रुमाल काढला आणि परत ठेवला. मी मात्र भोयरबाबूंनीच शिकवल्याप्रमाणे विचारलं, पुन्हा कधी यायचं, काय खायचं नाही, आणि काय झालं तर लगेच धावत यायचं. डॉक्टरांनी तिन्हीचं उत्तर दिलं. भोयरबाबू स्टुलावर बसून त्यांच्या ओठांकडे बघत होते.

"डॉक्टरसाहेब," ते म्हणाले, "एक बार आणखी सांगता का? यायले सगळ्यायले ऐकू आलं. मले नाही आलं."

डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली, त्यांचा गुडघा धरला आणि एकेक शब्द सांगितला. मग माझ्या टिपणीखाली मराठीत लिहिलं, 'गाठ साधी आहे. आनंदाने घरी जावे,' आणि सही केली. भोयरबाबूंनी फाइल ओढून घेतली, ते दोनदा वाचलं आणि तीस वर्षांच्या सवयीनं खाली 'पाहिले' लिहून तारीख टाकली.

बाहेर व्हरांड्यात येऊन ते बाकावर बसले आणि दुपट्ट्यात तोंड खुपसून रडले. भर गर्दीत, मोठ्यानं. मीही रडले, मला कसली लाज? साहेब भिंतीवरचा देवी टोचण्याचा फलक फार लक्षपूर्वक वाचत होते. डोळे पुसून भोयरबाबू उठले आणि म्हणाले, "मी घरी जातो. माईले सांगायचं आहे. दीड महिना तिच्याशी धड बोललो नाही मी."

पुढे ते निवृत्त झाले, पारशिवनीला शेतावर जाऊन राहिले आणि छान म्हातारे होऊन गेले. गाठ होती तशीच मानेवर. पण माझ्या डोळ्यांसमोर उभे राहतात ते त्या दुसऱ्या दिवशीचे भोयरबाबू.

त्या दिवशी ते ऑफिसात आलेच नाहीत. अर्ज नाही, निरोप नाही. तीस वर्षांत असं झालं नव्हतं. अकरा वाजले तशी साहेबांनी मला बोलावलं आणि म्हणाले, "जरा घरी जाऊन बघून या. रिक्षा करा." मी धसका घेऊनच निघाले. प्रताप नगरला त्यांच्या दाराला कुलूप. शेजारीण ओसरीवर तांदूळ निवडत होती. मी विचारलं, "काय झालं वं? दवाखान्यात नेलं का बाबूंना?"

"काऊन नेतील? सकाळीच निघाले दोघं, डबा घेऊन. तलावावर गेले म्हणे. बाई, या वयात!" आणि ती पदर तोंडाला लावून हसायला लागली.

मी रिक्षा तलावाकडे वळवायला सांगितली. वळणावरच ते समोरून आले. भोयरबाबू सायकलवर, टोपी कॅरिअरवर बसलेल्या माईंच्या मांडीत, आणि गळा उघडा. माईंनी एका हातानं त्यांचा शर्ट धरला होता आणि दुसऱ्या हातानं सोललेल्या चिंचेचा तुकडा त्यांच्या तोंडाकडे नेत होत्या. ते मान मागे वळवून आ करत होते, सायकल वेडीवाकडी जात होती, आणि माई ओरडत होत्या, "अहो, समोर पाहा ना!" रिक्षावाल्यानं घंटी वाजवली. भोयरबाबूंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.